घोंगडं घरी राहिलं

निघायच्या आदल्या रात्री आत्यांनी (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) ट्रंकेतलं काळं घोंगडं काढून सोप्यात ठेवलं. "डोंगरात चाललायसा, असूं द्या गाडीत." सप्टेंबरचा मध्य. म्हसवडात अंगाची लाही होत होती, त्या घोंगड्याकडे नुसतं बघूनच घाम फुटत होता. मी हसले आणि सकाळी ते तिथंच सोडून आत्यांसकट आम्ही पाच जणं कास पठाराची फुलं बघायला निघालो.

आमच्या माणदेशात पाऊस वर्दी देऊन येतो. आधी वारं सुटतं, मग धुरळा उडतो, नशीब असेल तर थेंब पडतात. पुष्कळदा धुरळ्यावरच भागतं. छत्री आम्ही उन्हासाठी घेतो. असं आभाळ बघत वाढलेल्या माणसानं कासच्या आभाळाचा अंदाज बांधला, की तो हमखास चुकतो. म्हसवडहून सातारा नव्वदएक किलोमीटर आणि तिथून कास पंचवीस. जिल्हा एकच, पण अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या माथ्याला अडतात, वर चढतात आणि तिथंच मोकळे होतात. कासला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्या वाट्याला उरतो तो पाचशेच्या आसपास, तोही परतीच्या पावसानं मनावर घेतलं तर. हे शाळेत शिकले होते. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून परीक्षेत लिहिलंही होतं. गाडीत सामान भरताना मात्र आठवलं नाही.

पहिली चूक वेळेची. आवरता आवरता साडेआठ झाले. गोंदवल्यात दर्शन, पुसेगावात चहा, वर्धनगडाच्या घाटात धाकटीला उलटी. साताऱ्यात पोचेपर्यंत बारा वाजून गेले आणि त्यातून रविवार. यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग अशी, की आमचा थोरला खाली उतरून गाडीच्या पुढं चालत होता. कासला हंगामात गर्दी आवरण्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी असते, दिवसाला ठरावीक माणसांनाच सोडतात. आम्ही नोंदणी केली नव्हती. जत्रेला निघाल्यासारखे निघालो होतो, आमच्या म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला कुठं तिकीट लागतं! दीडेक तास थांबल्यावर कसंबसं आत जाता आलं. नियम आणि शुल्क वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीचं बघूनच दिवस ठरवावा. तिकीट फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावं, घाटात नेट सापडेलच असं नाही. नोंदणी मिळाली नाही तर हट्टानं वर जाऊ नये. सज्जनगड आहे, ठोसेघरचा धबधबा आहे, तो दिवस तिकडं चांगला जातो. गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर सज्जनगडाच्या पायऱ्यांचा मात्र विचार करावा.

आत गेलो तेव्हा ऊन होतं. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, पांढरे गेंद बघून मुलं हरखली. पोरीचा फोटो काढावा म्हणून मी तिला पायवाटेवरून दोन पावलं आत उभी केली. तिथल्या एका मावशींनी शिट्टी वाजवली आणि तिच्या पायाखाली बोट दाखवलं. चपलेखाली जांभळे ठिपके चेपले गेले होते. सीतेची आसवं. करंगळीच्या नखाएवढं फूल आणि ते झाड किडे खाऊन जगतं! मावशींनी सांगितलं ते मला फार लागलं. पठार म्हणजे सगळा जांभा खडक, वर बोटभर माती, तीही निकस. मातीत पोषण नाही म्हणून ही वनस्पती चिमुकल्या जीवांवर भागवते. यातली बरीचशी झाडं पावसाळ्यापुरती उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि वाळून जातात. बी धरायच्या आत पाय पडला तर त्या जागेचं पुढच्या वर्षीचं पीक बुडालं. पेरलेल्या बाजरीतून कुणी चाललं तर आम्ही बांधावरून शिव्या घालतो, आणि इथं मीच ते केलं होतं.

एवढं बोलणं होईस्तोवर समोरचं माणूस दिसेना. धुकं पश्चिमेकडून भिंतीसारखं आलं, त्यामागून पाऊस. समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरवर आडोसा म्हणावं असं झाड नाही. गाडी लांब. सगळ्यांच्या अंगात सुती कपडे, पायात गुळगुळीत तळाच्या चपला. ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं, आत्यांचा पाय सरकला आणि त्या बसल्याच. मोडलं काही नाही, पण मनगट सुजलं. धाकटी सहा वर्षांची, तिचे दात वाजायला लागले, ओठ निळसर पडले. मी काय करावं? तिच्या भिजलेल्या फ्रॉकवरूनच माझी ओढणी गुंडाळली, तीही भिजलेली. थंडी कमी होण्याऐवजी वाढली. शेवटी चहाच्या टपरीवरची बाई माझ्यावर खेकसली, "आधी ओलं काढा वो!" तिनं पोरीला कोरड्या गोणपाटात गुंडाळलं आणि गोड चहा पाजला, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग आला. तेव्हापासून कुणीही कासला निघालं की मी पहिलं हेच सांगते: प्रत्येकाचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून न्या, आणि लेकरू गारठलं तर आधी ओलं काढा, मग पांघरूण घाला.

आत्या काही बोलल्या नाहीत. "घोंगडं" हा शब्द त्यांनी साताऱ्यापर्यंत काढला नाही, हेच मला जास्त लागलं. मेंढ्यांमागं रानोमाळ हिंडणारा माणूस भर उन्हाळ्यातही खांद्यावर घोंगडं का टाकतो, हे त्यांना ठाऊक होतं. लोकर भिजली तरी ऊब धरते.

परतताना कोरेगावला पाऊस थांबला, दहिवडीला रस्ता कोरडा. रात्री अंगणात दोरीवर पाच जणांचे निथळते कपडे टाकले, तर शेजारच्या वहिनी विचारतात, "नदीवर गेलावता का?" माणगंगेला पाणी नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.

पुढच्या वर्षी बुधवारी गेलो, पहाटे साडेचारला निघून. धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी घरचीच, रिकाम्या पिशव्या परत आणल्या. घाट चढायच्या आधी साताऱ्यातच सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन घेतलं. म्हातारं माणूस, लेकरं आणि बायका सोबत असल्या की हे ठरवूनच करावं लागतं. आठला पठारावर होतो, गर्दी यायच्या आत. फोटो कमी काढले, उकिडवं बसून बघितलं जास्त. कासची फुलं उभ्यानं दिसत नाहीत, नुसता रंग दिसतो. सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी त्या साली नुसतीच हिरवी होती, तिच्यासाठी पुन्हा यावं लागणार.

साडेबाराला धुक्याची पहिली चाहूल लागली तसे आम्ही माघारी वळलो. थोरला कुरकुरत होता. आत्या गाडीत घोंगडं पांघरून आधीच बसल्या होत्या, धाकटी त्यांच्या कुशीत शिरली होती आणि दोघींचं मिळून एकच डोकं बाहेर दिसत होतं.