मोकळ्या दाराची शाळा

मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्यालगत पेनांग नावाचे बेट आहे. तेथील जॉर्जटाउन बंदरात व्यापारानिमित्त मलायी, चिनी, तमिळ, अरब असे नाना देशींचे लोक येऊन वसले. १८१६ साली रॉबर्ट हचिंग्ज या इंग्रज पाद्र्याच्या पुढाकाराने तेथे ‘पेनांग फ्री स्कूल’ ही शाळा निघाली. ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. कोणत्याही वंशाच्या वा धर्माच्या मुलास शाळेचे दार मोकळे, हा त्या शब्दाचा आशय. शाळा काढणारा स्वतः धर्मोपदेशक. तरी त्याने प्रवेशाला धर्माची अट घातली नाही, हे विशेष होय.

त्या दारातून एका चिनी सोनाराचा मुलगा आत आला. त्याचे नाव वू लियन-ते. १८९६ साली शिष्यवृत्ती मिळवून तो केंब्रिजला गेला व डॉक्टर झाला. १९१० च्या अखेरीस मांचुरियात प्लेगची भयंकर साथ उसळली, तेव्हा चिनी सरकारने डॉक्टर वू यांना तिकडे धाडले. हा प्लेग उंदरांमुळे नव्हे, तर रोग्याच्या श्वासावाटे पसरत आहे, हे त्यांनी ताडले आणि सर्वांनी नाकातोंडावर कापडी पट्टी बांधावी, असा आग्रह धरला. एका अनुभवी फ्रेंच डॉक्टरास ते पटेना. तो पट्टी न बांधताच रोग्यांत गेला व थोड्याच दिवसांत त्याच रोगाने मरण पावला. मग मात्र शहरभर पट्ट्या दिसू लागल्या.

स्वतंत्र मलायाचे पहिले पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान हेही याच शाळेचे विद्यार्थी. १९२८ साली शाळा नव्या जागेत गेली. जुन्या इमारतीचा अर्धा भाग दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात पडला. उरलेल्या भागात १९६५ साली संग्रहालय उघडले.