तांदूळ निवडला की निवडले?

अगं, तुझा निबंध वाचला. एका शब्दावरच्या लाल रेघेपाशी थांबले, म्हणून लगेच लिहायला बसले. तू लिहिलंस, ‘आईने तांदूळ निवडले’. कुणीतरी ते खोडून ‘निवडला’ केलं. बरोबर तुझंच होतं, बाई.

आपला भंडारा धानाचा जिल्हा. आई मांडीवर सूप घेऊन बसायची, आठवतं ना? खडा बाजूला, कणी बाजूला, दाणा न् दाणा तिच्या बोटांखालून जायचा. तिथे तांदूळ अनेकच. निवडले, धुतले, भिजत घातले. तेच पोत्यात भरले की एक होतात. तांदूळ महागला, तांदूळ जुना आहे. आणि शिजून ताटात आला की तो भात, मग कितीही शितं असोत: भात झाला, भात करपला. लिहिताना तुझ्या डोळ्यांपुढे दाणे आहेत की पोतं, एवढं आधी बघ.

रेशनच्या वाक्यातही तू अडलीस. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य ठरवलं. तिथे ‘पाच किलो तांदूळ मिळतो’ असंच लिही. पाच आहेत ते किलो.

खरा घोळ होतो तो नामच हलत नाही म्हणून. ‘बैल उधळला’, ‘बैल उधळले’. बैल दोन्हीकडे तसाच, एक की अनेक ते क्रियापदाने सांगितलं. दगड, हात, चोर, देव, सगळ्यांचं हेच. म्हणून अशा वाक्यात शेवटचं अक्षर घाईने लिहू नकोस, सगळा अर्थ त्याच्यावर आहे. लाखनीकडच्या शंकरपटाच्या शर्यतीत मात्र दोन बैल जुंपलेले असतात, तरी आपण म्हणतो ‘जोडी सुटली’. मोजायची ती जोडी.

‘लोक’ आणि ‘पोहे’ नेहमी अनेकवचनी, त्यांची काळजी नको. ‘मंडळी’ जपून. ‘मंडळी आली’मध्ये काही कळतच नाही, एक धरलं काय नि अनेक धरलं काय, रूप तेच. ‘मंडळी जेवते’ की ‘जेवतात’ म्हटलं की ठरवावं लागतं. मी ‘जेवतात’ लिहिते. पंगतीला माणसं बसलेली दिसतात मला.

उद्या वही घेऊन बाईंकडे जा. भांडू नकोस, सूप आणि पोत्याचं सांग. आणि ‘निवडले’ तसंच राहू दे.