विट्याच्या भाच्यास, बंदूक नावावर येण्याआधी

चि. भाच्यास,



ताईशी सविस्तर बोलणं झालं. दाजींच्या नावावरची बारा बोअरची दुनळी बंदूक तुझ्या नावावर करून घ्यायचं तुमच्या घरी ठरलंय. परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिली, की त्याच्या हयातीतच ती वारसाकडे देता येते, अशी सोय 2016 च्या शस्त्र नियमांत आहे. कागदपत्रांची चिंता नाही. चिंता आहे ती तुझ्या एका वाक्याची, जे ताईने दोनदा सांगितलं: भरलेली बंदूक उशाशी नसेल, तर ती घरात असून उपयोग काय?

प्रश्न खोटा नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव तालुक्यांतली गलाई कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. कर्ते पुरुष परमुलखात, आणि गावी शेतातल्या वस्तीवर म्हातारी माणसं, बायका, पोरं. गलाईवाल्याचं घर म्हणजे सोन्याचं घर, असा लोकांचा समज असतो. त्यात 4 जून 2023 ला खुद्द सांगली शहरात, भरदिवसा, पिस्तुलं घेतलेल्या टोळीने एका मोठ्या सराफी दालनावर दरोडा घातला. शहरात दिवसा हे घडतं, तर वस्तीवर रात्री काय होईल, असं कुणाच्याही मनात येणार. तुझी भीती कुणी हसण्यावारी नेऊ नये. तिच्यावरचा तुझा उपाय मात्र तपासून पाहायला हवा.

ज्यांचं सगळं आयुष्य बंदुकीसोबत गेलं, ती माणसं आपल्या साताऱ्यात गल्लोगल्ली भेटतात. अपशिंगे मिलिटरी हे गाव तुला माहीत आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जवान कामी आले, आणि आजही तिथे फौजेत माणूस नाही असं घर सापडणं कठीण. तिथल्या कुठल्याही निवृत्त सुभेदाराला विचार, शांततेच्या काळात तुमची रायफल रात्री कुठे असायची? उत्तर एकच मिळेल: कोतात, म्हणजे शस्त्रागारात. रायफली साखळीत, कुलपात, मोजून ठेवलेल्या. दारूगोळा वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या पहाऱ्यात. रोज बंदूक चालवणारा जवानसुद्धा छावणीत ती भरून उशाशी घेत नाही. फौजेची तयारी पहाऱ्यावर, इशाऱ्यावर आणि सरावावर उभी असते, आणि घराची तयारीही तशीच उभी करता येते.

आता भरलेल्या हत्याराचं काय होतं ते बघ. 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेता गोविंदा जुहूच्या घरी कोलकात्याला निघण्याच्या गडबडीत होता. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटून पडलं, गोळी सुटली आणि त्याच्या डाव्या पायात घुसली, असं त्याच्याकडून सांगण्यात आलं. शस्त्रक्रिया करून गोळी काढावी लागली. म्हणजे तो हत्यार जागेवर ठेवण्याचं योग्य कामच करत होता; फक्त ते भरलेलं होतं. जुन्या बनावटीच्या कित्येक हत्यारांत घोड्याला दणका बसला, तर चापाला बोट न लागताही गोळी उडू शकते. दाजींची दुनळी जुनीच आहे. उशाशी ठेवली, झोपेत धक्का लागला, नातवाने कुतूहलाने ओढली, तर काय होईल याचा विचार ताई रोज रात्री करणार आहे.

दुसरी घटना जास्त बोलकी आहे. 8 फेब्रुवारी 2024 ला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा समाजमाध्यमावर थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या घालून खून झाला आणि मारेकऱ्याने स्वतःलाही संपवलं. पिस्तूल मारेकऱ्याचं नव्हतंच. परवाना होता त्याच्या अंगरक्षकाचा, आणि अंगरक्षक ते मालकाच्याच कार्यालयात लॉकरमध्ये ठेवत असे, असं पोलीस तपासात पुढे आलं. अंगरक्षकाला अटक झाली. इथे लॉकर होता, कुलूप होतं, परवानाही होता. पण ज्याच्या नावावर परवाना नाही अशा माणसाचा हात त्या लॉकरपर्यंत पोचत होता. तेव्हा कपाट किती जाड पत्र्याचं आहे हे विचारण्याआधी किल्ली कुणाकुणाला ठाऊक आहे ते विचार. आपल्याकडे किल्ली देवघरात, पिठाच्या डब्यात, नाहीतर कॅलेंडरमागच्या खिळ्याला, आणि घरातल्या लहान पोरापासून सालगड्यापर्यंत सगळ्यांना ठावठिकाणा माहीत. अशा किल्लीचं कुलूप लावलं काय आणि न लावलं काय.

आणि बंदूक चोरावरच चालते असं कुठे आहे? 22 एप्रिल 2006 ला वरळीत प्रमोद महाजनांवर गोळ्या झाडल्या त्या त्यांच्या सख्ख्या भावाने, परवान्याच्या पिस्तुलातून. आपल्या पाटण तालुक्यात मोरणा भागात मार्च 2023 मध्ये वादावादीतून गोळीबार झाला आणि दोन माणसं जिवाला मुकली. आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये अमेरिकेतल्या तीन काउंटींमधल्या घरांचा अभ्यास छापला, त्यात बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा धोका 2.7 पट आढळला, आणि ही वाढ मुख्यतः घरच्या किंवा जवळच्या माणसाकडून होणाऱ्या खुनांची होती. अमेरिकेतलं घर आणि विट्याची वस्ती एक नव्हे, हे मान्य. पण बांधाचा वाद, वाटणीचा वाद, दारूच्या नशेत चढलेला आवाज आपल्याकडेही आहेच. रागाच्या त्या पाच मिनिटांत हाताशी काय आहे यावर पुढचं सगळं ठरतं. घरात कुणी कर्जाने, आजाराने, दुःखाने खचलेलं असेल, तर त्या काळात बंदूक घरात ठेवूच नकोस. परवानाधारक विक्रेत्याकडे जमा कर. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मग चोर आलाच तर? इथे तुझ्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवं. कुलूप काढून, बंदूक जोडून, दोन काडतुसं भरायला सराव असेल तर एखादा मिनिट, अंधारात घाबरलेल्या हातांनी त्याहून जास्त वेळ लागतो. हा वेळ कुठून तरी मिळवावा लागतो, आणि तो दारापाशी मिळतो. अंगणात माणूस आला की आपोआप लागणारा दिवा, लाइट गेली तरी चालणारा इन्व्हर्टर, भुंकणारं कुत्रं, पुढच्या दाराला लोखंडी जाळी आणि आतून अडसर, मागच्या दाराला तितकीच मजबुती. वस्तीवरची बहुतेक घरं पुढून किल्ला आणि मागून पत्र्याचं दार अशी असतात, आणि चोर नेमका मागून येतो. मागचं दार आधी बदल.

त्यानंतर आतली एक खोली ठरव, जिचं दार भक्कम आहे आणि जिथे मोबाइलला रेंज येते. गडबड झाली की ताई, दाजी, बायको, पोरं सगळी त्या खोलीत जमतील, दार आतून लागेल आणि 112 ला फोन जाईल. सातारा-सांगलीच्या कितीतरी गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू आहे. एका फोनवर गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाइलवर एकाच वेळी निरोप जातो. तुमच्या ग्रामपंचायतीत तिची चौकशी कर आणि वस्तीवरचे सगळे नंबर नोंदवून घे. पन्नास माणसं बॅटऱ्या घेऊन ओरडत आली की चोर थांबत नाही, हा आपल्या भागातला जुना अनुभव आहे. बंदुकीचं कपाट याच खोलीत हवं, म्हणजे कुणाला अंधारात घरभर फिरावं लागणार नाही.

कारण अंधारात दिसलेला माणूस कोण आहे, हे ओळखल्याशिवाय चाप ओढायचा नसतो. शेतीच्या लाइटीच्या पाळ्या रात्रीच्या असतात. पिकाला पाणी धरायला गेलेला चुलतभाऊ पहाटे तीनला गोठ्याकडून घरात येतो. तुझ्या उशाशी भरलेली दुनळी असेल तर त्या घटकेला सगळ्यात जास्त धोका त्यालाच आहे. छर्रे पत्र्यातून, पातळ भिंतीतून पलीकडे जातात, तेही लक्षात ठेव.

कायदा तुझ्या बाजूने आहे, पण तो अमर्याद नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाची आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी घरफोडी करून आत शिरणाऱ्याविरुद्ध, किंवा जबरी चोरी होत असताना, प्राणघातक बळ वापरण्याची मुभा कलम 41 देतं. पण आवश्यक तेवढंच बळ, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. चोर अंगणातून पळून जातोय आणि त्याच्या पाठीत गोळी बसली, तर कोर्टापुढे स्वसंरक्षण सांगणं फार अवघड जाईल. दागिने पुन्हा घडवता येतात. खुनाच्या खटल्यात गेलेली वर्षं परत येत नाहीत.

आता कपाटाविषयी. शस्त्र नियमांप्रमाणे बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी परवाना घेतानाच द्यावी लागते. चोरीपासून आणि विशेषतः मुलांपासून ती लांब राहील, ही त्यामागची अपेक्षा. हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. ते नुसत्या दाखल्यापुरतं न घेता मन लावून घे. परवान्याच्या अटी मोडल्या तर शस्त्र अधिनियमाच्या कलम 30 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि परवानाही जाऊ शकतो. ज्या लोखंडी कपाटात ताईच्या साड्या आणि दागिने आहेत, त्यात बंदूक कधीही ठेवू नकोस. दरोडेखोर पहिलं तेच फोडतो, आणि मग तुझीच बंदूक तुझ्यावर रोखली जाते. वेगळं, अरुंद, पोलादी कपाट घे आणि ते भिंतीत व जमिनीत बोल्टने पक्कं कर. दुनळीची नळी आणि दस्ता सुटे होतात, सुटेच ठेव. काडतुसं दुसऱ्या कुलपात, लोखंडी डब्यात, कोरडी. पावसाळ्यात दमट हवेने ती फुगू शकतात आणि ऐनवेळी नळीत अडकू शकतात. किती काडतुसं आहेत ते वहीत लिहून महिन्याला मोज. किल्लीपेक्षा नंबरचं कुलूप बरं, कारण नंबर खिळ्याला टांगता येत नाही. नंबर मात्र पोरांच्या वाढदिवसाचा नको. मग रिकाम्या बंदुकीने, पोरं शाळेत असताना, कपाट उघडून ती जोडायचा सराव कर. उशाशी ठेवून तुला जी तयारी हवी होती, तिच्यातली बहुतेक या सरावाने मिळते.

तू धंद्यासाठी केरळात किंवा पंजाबात गेलास की घरात बंदूक चालवायचा अधिकार कुणालाच राहत नाही. परवाना तुझा, ताईचा नाही. लांबच्या मुक्कामाला निघताना ती पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून पावती घे. हरवली किंवा चोरीला गेली तर त्याच दिवशी ठाण्यात कळव.

खंडेनवमीला बंदूक पूजेला काढतात आणि सगळी पोरं भोवती जमतात. पाटावर ठेवण्याआधी दोन्ही नळ्या उघडून, प्रकाशाकडे धरून रिकाम्या असल्याची खात्री कर. पूजा झाली की लगेच आत. लग्नाच्या वरातीत बार काढायची विनंती कुणीही केली, मग ते घरचं लग्न का असेना, तरी नाही म्हण. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. उसात बिबट्या दिसला तर बंदुकीकडे न जाता वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन कर. शिराळा, कराड, पाटणकडे हे नित्याचं झालंय आणि बिबट्या मारणाऱ्याला किमान तीन वर्षांची शिक्षा आहे. गावठी कट्टा स्वस्तात मिळतो असं कुणी सुचवलं, तर त्या माणसाशी बोलणंच बंद कर. विनापरवाना हत्यार बाळगलं तर किमान दोन वर्षं तुरुंग आहे.

एवढं सगळं करायला जमणार नसेल, तर दाजींची बंदूक विकून टाकण्यात कमीपणा नाही. मागचं दार, दिवे आणि वस्तीवरचे शेजारी यांच्यावर तो पैसा लागला तर घर जास्त सुरक्षित होईल, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ठेवायचीच असेल, तर दिवाळीच्या सुट्टीत घर भाचरांनी भरण्याआधी कपाट भिंतीत बसलेलं असू दे, आणि ते बसेपर्यंत बंदूक दाजींकरवी ठाण्यात जमा करून ठेव. पावती हातात आली की ताईला दाखव. ती त्या रात्री झोपेल.

तुझा,
मामा