जोड बघूनच डाव मांडावा

कोल्हापुरात टेबलावरचा रोलप्लेइंग खेळ चालवायचा म्हटलं, की पहिली अडचण खेळाडूंची येते. कॅरमला गल्लीत चार पोरं कधीही जमतात, फुटबॉलसाठी तर पेठापेठांतून तालमी आहेत. पण तीन-चार तास एका जागी बसून, गोष्टीतलं एक पात्र होऊन बोलायचं, तेही महिनोन्‌महिने, याला तयार असणारी माणसं कमी. मग जो ‘येतो’ म्हणेल त्याला बसवून घ्यायची सवय लागते. आमचा पहिला ग्रुप याच सवयीपायी मोडला. तो कसा मोडला आणि नंतर आम्ही कोणते नियम पाळायला लागलो, हे नव्याने ग्रुप जमवणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेत बाजारात आला आणि या प्रकाराची सुरुवात झाली. एक जण सूत्रधार होतो, त्याला डीएम म्हणतात. तो प्रसंग उभा करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते सांगतात. कुणी म्हणतं दार फोडतो, कुणी म्हणतं पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवतो. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. यात एकाने जिंकायचं आणि दुसऱ्याने हरायचं असं काही नसतं. गोष्ट सगळ्यांनी मिळून पुढे न्यायची असते, आणि म्हणूनच टेबलावर कोण बसलंय याला नियमांच्या पुस्तकापेक्षा जास्त महत्त्व येतं.

आम्ही ड्रॅगन बाजूला ठेवून गोष्ट पन्हाळ्यावर नेली होती. साल १६६०. सिद्दी जौहरचा वेढा, पावसाळा, आणि गडावरून विशाळगडाकडे निघायची तयारी. खेळाडूंची पात्रं साधी होती: एक वाटाड्या, एक वैद्य, एक बांदल मावळा, एक हेर. सूत्रधार मी. टेबलावर बसलेली माणसं मात्र चार दिशांची. वाटाड्या झालेला मित्र हौशी नाटकातला, त्याला प्रत्येक प्रसंगात बोलायला जागा हवी असायची. मावळा झालेला एमआयडीसीतला इंजिनिअर, त्याला लढाईचा हिशोब आवडायचा. कुठला वार, किती अंतर, किती आकडा पडायला हवा, हे त्याला तोंडपाठ. वैद्य झालेली मैत्रीण शांतपणे, विचार करून खेळणारी. आणि हेर झालेल्या मित्राला सगळ्यांना धक्का देण्यात मजा वाटायची.

पहिले काही रविवार बरे गेले. नंतर धुसफूस सुरू झाली. वैद्य तोंड उघडायची, तेवढ्यात वाटाड्या तिचं वाक्य पुरं करायचा. नाटकवाल्याचं बोलणं लांबलं, की इंजिनिअर मोबाइल काढायचा. जो तो नंतर मला एकट्याला गाठून तक्रार करायचा, आणि टेबलावर मात्र सगळे हसून चहा घ्यायचे. बोललं तर माणूस जाईल, आणि गेला तर दुसरा कुठून आणणार, ही भीती सगळ्यांच्या मनात. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

शेवटी एका रात्री हेर झालेल्या मित्राने जाहीर केलं, की आपलं पात्र गुपचूप जौहरच्या छावणीत जाऊन निघायची वाट विकणार आहे. इंजिनिअरने फासे ठेवलेलं पितळी ताट हाताने पुढे सारलं.

“हे चालायचं न्हाई. पन्हाळा हाय हा.”

“अरे भावा, गोष्ट हाय ही. माझं कॅरेक्टर तसंच हाय, पैसा दिसला की त्यो विकणारच.”

“कॅरेक्टर तू केलंस न्हवं? मग तसलं केलंसच कशाला?”

पुढे आवाज चढले. जुन्या, खेळाबाहेरच्या गोष्टी निघाल्या. वैद्य झालेली मैत्रीण काही न बोलता पिशवी उचलून निघाली. पुढच्या रविवारी कुणीच आलं नाही.

त्या भांडणात दोघांचंही आपापल्या जागी खरं होतं. कल्पनेतल्या राज्यात फितुरी झाली तर कुणाच्या काळजाला लागत नाही, उलट गोष्टीला रंग चढतो. पन्हाळा मात्र इथल्या माणसासाठी घरचा आहे. शिवा काशीद आणि बाजीप्रभूंची नावं ऐकत तो मोठा झालेला असतो. कुठल्या गोष्टीला हात लावायचा आणि कुठल्या नाही, हे खेळ सुरू व्हायच्या आधी बोलायला हवं होतं. ते बोलायला जागाच ठेवली नव्हती, म्हणून ते भांडणातून बाहेर आलं.

खासबागेत कुस्तीची जोड बघूनच लावतात. वजन, वय, तयारी यांचा मेळ नसेल तर वस्ताद दोघांना समोरासमोर आणतच नाही. तेच इथे करावं. अमेरिकेतल्या ग्लेन ब्लॅकोने १९८० मध्येच खेळाडूंचे चार कल मांडले होते: पात्र जगणारे, गोष्ट पुढे नेणारे, पात्राची ताकद वाढवत नेणारे आणि डावपेचांची लढाई खेळणारे. आमच्या टेबलावर यातले बहुतेक होते आणि कुणालाच दुसऱ्याचा कल माहीत नव्हता. म्हणून आता नव्या माणसाला लांबच्या मोहिमेत थेट घेत नाही. एका बैठकीत संपणारी छोटी गोष्ट आधी त्याच्यासोबत खेळतो. शेवटी त्याला एकच विचारतो, आज सगळ्यात जास्त मजा कधी आली? त्या उत्तरावरून माणूस कळतो.

मोहिमेची पहिली बैठक फासा न टाकता घ्यावी. जगभरचे खेळाडू तिला ‘सेशन झिरो’ म्हणतात. तिथे तीन गोष्टी ठरवाव्यात. गोष्ट गंभीर की हलकीफुलकी. आपल्याच साथीदाराला दगा देणं चालेल की नाही. आणि कोणते विषय टेबलावर येणारच नाहीत. देव-धर्म, जात, बायकांवरचे अत्याचार, इतिहासातली माणसं, यांबद्दल प्रत्येकाला मोकळेपणाने बोलू द्यावं. जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांनी रुळवलेलं ‘एक्स कार्ड’ही कामाचं आहे. टेबलाच्या मध्ये फुली काढलेला एक कागद ठेवायचा. प्रसंग नकोसा झाला तर त्याला बोट लावायचं. कारण द्यायचं नाही, कुणी विचारायचंही नाही, सूत्रधाराने प्रसंग बदलायचा. जी माणसं भिडेपोटी तोंड उघडत नाहीत त्यांना यामुळे बोलण्यावाचून नाही म्हणता येतं.

एवढं करूनही खटके उडतातच. तेव्हा आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. एकाला लढाई आवडते, दुसऱ्याला संवाद, हा आवडीचा फरक झाला. तो सांभाळता येतो. एका बैठकीत दोघांनाही त्यांचा वाटा मिळेल अशी गोष्ट रचता येते. पण दुसऱ्याचं बोलणं सतत तोडणं, फाशाचा आकडा खोटा सांगणं, मुलींना उद्देशून आचरट बोलणं, हा वागणुकीचा प्रश्न आहे. पहिल्या दोन्हींत एकदा स्पष्ट समज द्यावी. तिसऱ्यात समजही देत बसू नये, त्याच दिवशी थांबवावं.

समज द्यायची ती एकट्याला, समोर बसून. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कधीच नाही. ‘तू फार मिरवतोस’ असं म्हटलं की माणूस चिडतो. ‘काल वैद्य जखम बांधत होती, तेव्हा तू मध्ये बोललास आणि तिचा डाव राहिला’ असं म्हटलं की त्याला प्रसंग दिसतो, आणि बहुतेक जण सुधारतात. आमचा नाटकवाला मित्र असाच बदलला. आता तो आपल्या पात्राकरवी दुसऱ्यांना प्रश्न विचारतो आणि गप्प खेळाडूंना बोलतं करतो.

खेळातल्या खेळात धडा शिकवायला जाऊ नका. राग आला म्हणून एखाद्याच्या पात्रावर दरोडेखोर सोडायचे, त्याला कड्यावरून ढकलायचं, हा मोह प्रत्येक सूत्रधाराला होतो. त्याने काहीच सुटत नाही. त्या खेळाडूला वाटतं फासा वाईट पडला, किंवा डीएमने डूख धरला. आपलं काय खटकतंय हे त्याला कळतच नाही.

आणि जमणारच नसेल, तर सूत्रधाराने स्वतः, तोंडावर, सरळ शब्दांत थांबायला सांगावं. ‘ग्रुप बंद केलाय’ असं सांगून बाकीच्यांना घेऊन दुसऱ्या घरी डाव मांडायचा, ही पळवाट पुण्या-मुंबईत कदाचित खपेल. कोल्हापुरात संध्याकाळपर्यंत बातमी पोचते. ज्याला टाळलं तो रंकाळ्यावर भेटतो, लग्नात शेजारच्या खुर्चीवर असतो. खोटं बोलून तोडलेलं नातं पुन्हा जुळायला फार जड जातं. त्यापेक्षा म्हणावं, तुला हवा तो खेळ या टेबलावर होत नाही, आणि तुझ्यामुळे बाकीच्यांना त्यांचा खेळ मिळत नाही. दोन दिवस तो रुसेल. त्याच्या पात्राला गोष्टीतून मानाने निरोप द्या, पात्राची माहिती लिहिलेला कागद, म्हणजे कॅरेक्टर शीट, त्याच्याकडेच राहू द्या.

हेर झालेल्या मित्राशी मी पुढे असंच बोललो. तो आमच्या टेबलावर परतला नाही. तो आता दुसऱ्या मित्रांबरोबर फितुरी, कट आणि दगाबाजीनेच रंगणारी गोष्ट खेळतो. तिथे सगळ्यांना तेच हवं असतं, आणि तिथला तो सगळ्यात आवडता खेळाडू आहे.

ग्रुप जमवणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. खेळाडू कमी आहेत म्हणून खटकणारं पोटात ठेवू नका. तिघांचं जुळणारं टेबल सहा जणांच्या कुरबुरीपेक्षा केव्हाही चांगलं चालतं. जे बोलायचं ते आधी बोला, सरळ बोला, आणि मैत्री शाबूत असतानाच बोला.