परदेशी चर्चमध्ये मुलांना शिकवायचंय

प्रश्न : मी मूळची उत्तनची, सध्या इंग्लंडमध्ये नर्स आहे. इथल्या चर्चमध्ये रविवारी मुलांना धर्मशिक्षण द्यायची इच्छा आहे. पण फादरांनी आधी पोलिसी तपासणी सांगितली. गावी वर्षानुवर्षं शिकवत होते, कुणी कधी कागद मागितला नाही. माझ्यावर संशय आहे का? व्हिसाला अडचण येईल का?
– एक वाचक, इंग्लंड

उत्तर : संशय मुळीच नाही, मनाला लावून घेऊ नका. मुलांसोबत नियमित काम करणाऱ्यांची तिथे डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची) तपासणी होते. तिथेच जन्मलेली आजीसुद्धा त्यातून सुटत नाही! अर्ज तुम्ही परस्पर करायचा नाही, तो चर्चमार्फत जातो. स्वयंसेवकांना सरकारी शुल्क पडत नाही. या तपासणीत भारतातली नोंद सहसा दिसत नाही, म्हणून इथला पोलीस दाखलाही मागू शकतात. तो लंडनच्या भारतीय उच्चायोगामार्फत मिळतो. त्यासाठी उत्तनला यायची गरज नाही.

हेल्थ अँड केअर व्हिसावर स्वयंसेवा चालते. मात्र मानधन घेऊ नका. खिशातून झालेला प्रवासखर्च घ्यायला हरकत नाही. व्हिसा दुसरा असेल तर त्याच्या अटी आधी वाचा.

गावच्या काही सवयी मात्र सोडाव्या लागतील. पोराला एकटीनेच घरी पोहोचवणं, वर्गाचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकणं तिथे चालत नाही. वर्गात दुसरी प्रौढ व्यक्ती हवीच. एखादं मूल काही गंभीर बोललं, तर स्वतः चौकशी करत बसू नका. चर्चच्या बालसुरक्षा प्रतिनिधीला त्याच दिवशी कळवा.