धारेला लागल्यावर

पांझरा तापीला मिळते ते मुडावद माझं आजोळ. पाणी चढलेलं असताना पलीकडे जायचं झालं, तर मामा काठानं बरंच वर चालत जात, मगच उडी टाकत. धार तिरकी कापायची, नेईल तिथं लागायचं. मी मात्र सोनगीरचा, पाठीला डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलेला. विहिरीत दमलं की कपार धरायची. ही सवय मला अंदमानात नडली.

तारकर्लीला रीतसर स्कूबा शिकून मी हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला गेलो. तिथं पहिल्यांदा ड्रिफ्ट डाइव्ह केली. यात बोट नांगर टाकत नाही. तुम्ही प्रवाहाबरोबर प्रवाळांवरून वाहत जायचं आणि बोटीनं बुडबुड्यांच्या मागं यायचं. पाय मारावे लागत नाहीत, दम लागत नाही, हवा पुरते. सोपं म्हणतात ते खरंच आहे.

अठरा मीटरवर एक समुद्रपंखा दिसला, हातभर रुंद, जांभळा, प्रवाहानं एका अंगाला कललेला. त्याच्या जाळीत बोटाच्या पेराएवढा मासा प्रवाहाकडे तोंड करून स्थिर होता. तो नीट बघायला मी मागं वळलो आणि जोरात पाय मारू लागलो. जागचा हललो नाही. कपार धरावी तसा हात खडकाकडे गेला, पण खडक कुठला, ते जिवंत प्रवाळ होतं. हात आखडला. तेवढ्यात धाप लागली. त्या खोलीवर प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा जवळजवळ तिप्पट हवा लागते. सिलिंडरमधल्या हवेचा काटा १२० बारवरून ६० वर आला होता आणि जोडीदार दिसत नव्हता.

मिनिटभर शोधलं, मग सावकाश वर आलो, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून. वर बोट लांब, बाकीच्यांच्या बुडबुड्यांमागं. लाटांत माझं काळं डोकं कुणाला दिसणार? खुणेचा फुगा फक्त गाइडकडे होता. वीसेक मिनिटांनी त्यांनी मला शोधलं. तेवढ्या वेळात घरचं अंगण शंभरदा डोळ्यांपुढं आलं.

म्हणून सांगतो, पहिल्याच खेपेला ड्रिफ्ट नको. मालवणात हात धरून पाण्याखाली नेतात, तो अनुभव सुंदर असतो, पण त्याच्या भरवशावर ड्रिफ्टला उतरू नका. आधी कोर्स करा, शांत पाण्यात दहा-बारा डाइव्ह होऊ द्या. हरवलो तर काय करायचं, हे उतरण्याआधी गाइडला विचाराच. काही बघायचं राहिलं तर राहू द्या, उलट पोहू नका. प्रवाहातून बाहेर पडायचं तर आडवं कापा. ५० बार शिल्लक असतानाच बोटीवर परतलेलं असायला हवं. प्रवाळाला हात लावू नका, कायद्यानं त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. आणि परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान अठरा तासांनी घ्या.

फुगा, दोरीची रीळ आणि शिट्टी मात्र स्वतःची हवी. भाचा यंदा कोर्सला निघालाय. पावसाळ्यात विहीर भरली तेव्हा मी काठावर उभा राहिलो आणि त्याला पाण्यात तरंगत तोंडानं फुगा भरायला लावला. पहिल्यांदा दोरी पायात गुंतली. सातव्या खेपेला फुगा सरळ उभा राहिला, नारिंगी, पुरुषभर उंच.