कुत्र्याचे केस: कुंभकोणमच्या घरातला हिशेब

कुंभकोणमात लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्ड किंवा गोल्डन रिट्रीव्हर पाळायचा तर एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्यावी: इथली केसगळती बारमाही असते. या जातींच्या अंगावर दोन थर असतात, वर राठ केस आणि आत मऊ लोकर. थंड मुलखात दिवस लांबू किंवा आखडू लागले की त्या इशाऱ्यावर आतली लोकर वर्षातून दोनदा झडते. लंडनमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात पावणेनऊ तासांचं अंतर असतं, कुंभकोणमात जेमतेम सव्वा तासाचं. त्यात घरात रात्री उशिरापर्यंत दिवे. ऋतूचा इशारा धड मिळतच नाही आणि केस थोडे थोडे करत वर्षभर गळत राहतात. म्हणून हा खर्च किराण्यासारखा महिन्याच्या यादीत धरायचा.

बहुतेकांचा पहिला मोठा खर्च चुकीच्या टोकाला होतो. कॉफीच्या टंबलरात केस निघाला की माणूस चिडून व्हॅक्यूम क्लीनर मागवतो. खरं तर जमिनीवर पडलेला केस उचलण्यापेक्षा कुत्र्याच्या अंगावरच तो पकडणं स्वस्तही पडतं आणि सोपंही. पुढचे भाव ठोकळ आहेत. दुकान आणि ब्रँड बदलला की शे-दोनशे इकडेतिकडे होतील.

वाकड्या तारांचा साधा स्लिकर ब्रश 200 ते 400 रुपयांना मिळतो. आतली लोकर ओढून काढणारा लांब दातांचा रेक 300 ते 700 ला. रबरी दाण्यांचा हातमोजा 150 ते 300 ला. पग, बीगलसारख्या आखूड केसांच्या कुत्र्याला तेवढा पुरतो. नावाजलेल्या कंपनीचं पात्याचं डीशेडिंग साधन दोन-तीन हजारांवर जातं. ते काम चोख करतं, पण जोर लावून रोज फिरवलं तर वरचे चांगले केसही कापून टाकतं. माझं मत विचाराल तर रेक आणि स्लिकर घ्या आणि उरलेले पैसे औषधांसाठी ठेवा. ब्रश घेताना तारा स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून पाहा. तिथे ओरखडा उठला तर कुत्र्यालाही उठणार.

जुन्या अग्रहारातलं घर असेल तर ब्रशिंगसाठी मधल्या चौकासारखी जागा नाही. पंखा बंद, केस कोरडे, आठवड्यातून तीन-चारदा दहा-पंधरा मिनिटं, केसांच्या दिशेनेच. अंघोळीच्या आधी ब्रश करायलाच हवा, नाहीतर सुटलेली लोकर भिजून तिच्या गाठी होतात. चौकाच्या मोरीवर 50 रुपयांची बारीक जाळी बसवा. प्लंबर एकदा आला की तिच्या कितीतरी पट घेऊन जातो. निघालेले केस चिमण्यांना घरट्यासाठी होतील म्हणून बाहेर टाकणारे हौशी लोक असतात. गोचिडांचं औषध मानेवर थेंबांनी टाकत असाल तर तसं करू नका. ब्रिटनमध्ये पक्ष्यांच्या घरट्यांतल्या केसांत हीच कीटकनाशकं सापडली आहेत.

शॅम्पू कुत्र्याचाच हवा, कारण माणसाचा त्यांच्या कातडीला मानवत नाही. 250 ते 500 रुपयांची बाटली महिन्यातून एक-दोन अंघोळींच्या हिशेबाने तीनेक महिने जाते. शनिवारी घरातल्या पुरुषांच्या तेलस्नानाबरोबर कुत्र्यालाही तिळाचं तेल चोळणारे भेटतात. त्याने गळती थांबत नाही, धूळ मात्र चिकटते, आणि कुत्रं तेल चाटून साफ करतं ते वेगळंच. खरी काळजी ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात घ्यावी लागते. आतली लोकर ओली राहिली की कातडीवर बुरशी आणि चिघळलेले चट्टे येतात. टॉवेलने टिपून उभ्या पंख्यासमोर पूर्ण वाळवा. तीन ते सहा हजारांचा खास ड्रायर एका कुत्र्यासाठी मी घेणार नाही. दोन दाट केसांची असतील तर गोष्ट वेगळी.

उन्हाळ्यात 'उकडतंय बिचाऱ्याला' म्हणून मशीन लावून चकोट करण्याचा मोह फार होतो. दुहेरी केसांच्या कुत्र्याचं असं मुंडण करू नका. केस परत यायला कित्येक महिने लागतात, कधी ठिगळ-ठिगळ उगवतात, आणि उघडी कातडी उन्हात भाजते. सलूनमध्ये अंघोळ, ब्लोअर आणि लोकर काढणं एवढंच सांगा. त्याला 800 ते 2,000 रुपये लागतात. गावात सोय जमली नाही आणि 40 किलोमीटरवरच्या तंजावरला गाडी करून न्यायचं ठरवलं, तर भाडंच सलूनच्या बिलाइतकं होतं.

आता जमीन. तांबड्या ऑक्साइडच्या किंवा फरशीच्या जमिनीवर साध्या केरसुणीने केस उडतात. 300-400 रुपयांचा रबरी दातांचा झाडू त्यांची गुंडाळी करतो, मग ओलं फडकं. सोफा, गाद्या आणि मोटार असेल तर सहा ते दहा हजारांचा व्हॅक्यूम उपयोगी, पण वॅटचा आकडा बघू नका, फिरता ब्रश आहे का ते विचारा. रोबो व्हॅक्यूमची जाहिरात मोहक असते. तो दीड-दोन सेंटीमीटरपेक्षा उंच अडथळा सहसा चढत नाही, आणि जुन्या घरांचे उंबरे किती उंच असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. चिकट रोलर सुती कपड्यांना ठीक, तिरुभुवनमच्या रेशमी साडीच्या जरीवर तो फिरवू नका. कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी कोरडेच झटका आणि एसीची जाळी पंधरवड्याला धुवा. झाडलोट करणाऱ्या बाईंचं काम कुत्र्यामुळे वाढतं, त्यांना महिन्याला तीनचारशे जास्त द्या. या यादीतला सगळ्यात रास्त खर्च तोच.

खाण्यात ओमेगा-3 चा उपयोग होतो. शिजवलेली तारली स्वस्त पडते, पण इथल्या अनेक मराठी घरांच्या चुलीवर ती चढणार नाही. तिथे औषध म्हणून कॅप्सूल चालते: महिन्याला 300 ते 500 रुपये, मात्रा डॉक्टरांना विचारून. अंडं द्यायचं तर शिजवून, कारण कच्च्या पांढऱ्या बलकाने बायोटिन शरीराला मिळत नाही. गोचीड-पिसवांची गोळी वजनाप्रमाणे महिन्याला 500 ते 1,000 ची. शॅम्पू धरून एका लॅब्रॉडॉरचे महिन्याला हजार ते सोळाशे झाले. सुरुवातीची अवजारं, झाडू आणि जाळी मिळून हजार-दीड हजार एकदाच.

टक्कल पडलेले गोल चट्टे, लाली, वास, सतत खाजवणं किंवा खाणं तेवढंच असून वजन वाढणं दिसलं तर ब्रश बाजूला ठेवा. खरूज, बुरशी किंवा थायरॉइडची शंका घ्यावी. कातडी खरवडून तपासायला दोनपाचशे, थायरॉइडच्या रक्ततपासणीला हजाराच्या आसपास. अवघड दुखणं असेल तर जिल्ह्यातच ओरत्तनाडूला 2012 साली सुरू झालेलं सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तंजावरचे राजे सर्फोजी दुसरे यांनी बांधलेलं मुक्तांबाळ छत्र ज्या गावात आहे, तेच हे गाव. तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस अंघोळ घालू नका आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर न्या.

पिल्लू अजून आणायचंच असेल तर राजपालयम किंवा चिप्पिपारै पाहा, किंवा आपल्याकडचा कारवान, म्हणजे मुधोळ. राजपालयम आणि मुधोळ 2005 साली टपाल तिकिटांवरही आले. आखूड केस, आत दाट लोकर नाही, इथलं ऊन अंगवळणी पडलेलं. केस यांचेही गळतात आणि गादीत सुईसारखे रुततात, पण रबरी मोजा पुरतो. मात्र ही शिकारी कुत्री आहेत. रोज मोकळं धावायला मैदान नसेल तर केसांत वाचलेले पैसे कुरतडलेल्या सोफ्यावर जातील.